ब्रँडची पोस्ट आणि वाणीचे तप

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे शरीर, वाणी आणि मन असे तीन प्रकार सांगितले आहेत. वाणीच्या तपाची लक्षणे पंधराव्या श्लोकात येतात: बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे असावे, स्वाध्यायही त्यातच मोडतो. अंगुत्तर निकायात बुद्धाने सुभाषित वाणीच्या लक्षणांत योग्य वेळेलाही स्थान दिले आहे. सोशल मीडियावरच्या ब्रँडच्या नेहमीच्या चुका या कसोट्यांवर नीट ओळखता येतात.

पहिली चूक सत्याची. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या बाजारपेठेच्या गावात कृषी सेवा केंद्राचा ब्रँड म्हणजे मालकाचे नाव आणि त्याचे व्हॉट्सॲप स्टेटस. मृगाच्या तोंडावर त्यावर सोयाबीनची ‘शंभर टक्के उगवण’ झळकली, तर ते धाडसाचे विधान ठरते. कारण प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के धरलेली आहे. त्या भरवशावर बियाणे कमी पेरले, तर विरळ पिकाचा किंवा दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यावर पडतो. पैसे घेऊन केलेली स्तुती स्वानुभव म्हणून खपवणे हेही असत्यच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी चूक वेळेची. श्रद्धांजलीच्या फलकावर दुकानाचा मोबाइल नंबर मोठा आणि मृताचा फोटो लहान असला, की शोकाचाच धंदा होतो. आषाढी एकादशीला विठ्ठलाच्या चित्रावर सवलतीची पट्टी चिकटवली, तर शुभेच्छा नावालाच उरतात.

तिसरी चूक प्रियतेची. तक्रारीची कॉमेंट पुसून टाकणे किंवा ग्राहकाला चारचौघांत उलट सुनावणे, यात सत्य असले तरी सौजन्य नसते.

चौथी चूक हिताच्या नावाखाली होते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे या अभिनेत्रीच्या खात्यावरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचे निधन झाल्याचे जाहीर झाले; दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचे कळले. हेतू जनजागृतीचा होता, असा खुलासा झाला आणि मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरात संस्थेने माफी मागितली. हित साधायला असत्य चालते का, या प्रश्नाला गीतेतली यादी उत्तर देते: चारही गुण एकत्र हवेत, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

उद्वेगाची कसोटी मात्र सर्वांत अवघड आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची तयारी करणाऱ्या मुस्लीम सासरची जाहिरात टीकेनंतर मागे घेतली. कोणी तरी संतापले, एवढ्यावरून वाणी उद्वेगकारक ठरवली तर सलोख्याविषयी बोलणेच अशक्य होईल. म्हणून बोलणाऱ्याचा हेतू आणि शब्दांतला डंख पाहायला हवा; ऐकणाऱ्याचा राग हा एकमेव पुरावा नव्हे.

ब्रँडला जीभ नसते, म्हणून त्याला तपही नाही, असा एक आक्षेप घेता येतो. पण पोस्ट कोणी तरी लिहितो, कोणी तरी मंजूर करतो आणि नफा कोणाच्या तरी गल्ल्यात पडतो. कर्ता त्यांच्यातच शोधावा लागतो; ‘ॲडमिनकडून चुकून पडले’ म्हटल्याने मालकाची जबाबदारी टळत नाही.