मोजून दिलेले दूध

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले, किलोभर वजनाचे बाळ भुकेसाठी धड रडूही शकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीतून त्याला दूध द्यावे लागते. नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून मी हे काम वर्षानुवर्षे केले. दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला जोडून किंचित उंच धरायची आणि दूध आपल्या भाराने उतरू द्यायचे. तेवढा वेळ बाळाच्या पोटावरून आणि श्वासावरून नजर हलवायची नसते.

या दक्षतेच्या मुळाशी भीती होती. अपक्व आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मृत होण्याचा एक भीषण विकार या बाळांना जडतो. म्हणून पोट जरा फुगले की दूध थांबवायचे आणि वाढवायचे तेही अगदी हळूहळू, अशी रीत पडली. त्या रीतीत करुणा होती, पुरावा मात्र अपुरा होता. थांबण्यालाही किंमत असते. ती लगेच दिसत नाही, इतकेच. पोटात पुरेसे दूध जाईपर्यंत शिरेतून पोषण द्यावे लागते, आणि शिरेतली नळी जितके दिवस राहील तितके दिवस जंतुसंसर्गाचे भय राहते.

ब्रिटन आणि आयर्लंडमधील सुमारे २८०० बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दूध दररोज किलोमागे १८ मिलिलिटरने वाढवावे की ३० ने, हा तिचा प्रश्न होता. किलोभराच्या बाळासाठी हा फरक दिवसाकाठी १२ मिलिलिटरचा, म्हणजे जेमतेम अडीच लहान चमच्यांचा. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांतील मुलांच्या विकासात लक्षणीय अंतर आढळले नाही, आतड्याचा तो विकारही वेगाने दूध वाढवलेल्यांत अधिक दिसला नाही; पूर्ण दुधावर मात्र ती बाळे सुमारे तीन दिवस आधी आली. आयुष्यातल्या अत्यंत कठीण आठवड्यात आपल्या बाळाचा गट चिठ्ठीने ठरू देणाऱ्या आईवडिलांचे ऋण मला फार मोठे वाटते. त्यांच्या संमतीविना आमची भीती सद्‌हेतूच्या आधाराने तशीच चालू राहिली असती.

दूध कोणते, हा प्रश्न याहून जुना. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. त्यात काही संरक्षक घटक क्षीण होतात, म्हणून स्वतःच्या आईचे दूध नेहमीच पहिले. तरीही २०२४ मधील एका अमेरिकी चाचणीत दात्या मातांच्या दुधावरील बाळांमध्ये आतड्याचा विकार ४.२ टक्के, तर डब्याच्या दुधावरील बाळांमध्ये ९ टक्के आढळला. विकासात मात्र फरक नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी पिवळसर चिकाचे चार थेंब आणून "सिस्टर, एवढंच आलं," म्हणणाऱ्या किती तरी माता मी पाहिल्या. ते थेंब सिरिंजमध्ये ओढून घेताना एकही वाया जाऊ नये म्हणून वाटी तिरकी धरावी लागे. त्या मातांना संकोच वाटे, आणि तो दूर करण्याऐवजी आपण त्यांना भेटीच्या वेळा सांगून दाराबाहेर बसवत आलो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेचच कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवली, माता अतिदक्षता विभागातच राहिल्या, आणि पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू एक चतुर्थांशाने घटले.

आपल्या घरात असे बाळ आले, तर त्याच्या आईसाठी बाळाजवळ जागा, वेळेवर जेवण आणि दूध काढण्यास निवांत आडोसा मिळावा, असा आग्रह रुग्णालयाकडे जरूर धरा. आणि घरातील एखाद्या निरोगी मातेला बाळाची गरज भागून दूध उरत असेल, तर जवळच्या दुग्धपेढीची चौकशी करा.