कर्ता कोण?

रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-मुरुडच्या पोफळीच्या वाड्यांतून मुळे कुरतडणाऱ्या हुमणी अळीवर विषारी औषध ओतण्याऐवजी मातीत सूत्रकृमी सोडावेत, असा सल्ला कृषिशास्त्र आता देते. आणि हा उपाय अहिंसक आहे, अशी समजूत पुष्कळदा सद्भावनेने बोलून दाखविली जाते. उपाय मला मान्य आहे, समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या नावाने, कोइमतूरकडील नमुन्यावरून, १९९२ साली वर्णिलेला आणि उष्ण प्रदेशांच्या रेताड किनाऱ्यांवर विशेषेकरून आढळणारा हा कृमी बाल्यावस्थेत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा श्वासरंध्रांतून तो अळीच्या देहात शिरतो आणि आपल्या आतड्यात सांभाळून आणलेले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. एक-दोन दिवसांत अळी मरते. मारते ते मुख्यतः जिवाणूंचे विष. पण कृमीने वाहून नेले नसते, तर ते तिच्या रक्तापर्यंत पोहोचलेच नसते. पुढे तेच जिवाणू प्रतिजैविके निर्माण करून परक्या जंतूंना दूर ठेवतात, प्रेत सडू देत नाहीत, आणि त्यांच्यावरच पोसून कृमीची प्रजा वाढते. काही पिले तर मातेच्या उदरातच जन्मून, तिचाच देह खाऊन, जिवाणूंचा वारसाही तिच्याकडूनच घेऊन बाहेर पडतात.

येथे हत्या कोणाच्या नावावर लिहावयाची? फौजदारी न्याय मुख्य आरोपी आणि साथीदार अशी वाटणी करू पाहील. परंतु ज्यांचे जीवनच एकमेकांत गुंतले आहे, त्यांच्यात ती वाटणी टिकत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. परंतु कारणे पाच झाली म्हणून दोषाचे पाच हिस्से होत नाहीत. याच रायगड जिल्ह्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना बाह्य कर्माला चित्ताची जोड हवी, असा आग्रह धरला. आणि या साऱ्या व्यवहारात निवड करू शकणारे चित्त ना कृमीजवळ आहे, ना जिवाणूजवळ. ते आहे वाडीच्या मालकाजवळ.

सूत्रकृमी त्याने अवश्य वापरावेत, कारण माणसाला व गुराढोरांना त्यांपासून अपाय नाही. परंतु पूजेत गणपती म्हणून मांडली जाणारी सुपारी ज्या झाडाची, ते झाड राखण्यासाठी झालेली हिंसा कृमीच्या खाती न टाकता त्याने स्वतःच्या खाती मांडावी.