साठवलेले आणि शिकलेले

1905च्या सुमारास म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची होती. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ग्रंथ लिपीतली ती पाने वाचून 1909 साली मूळ संहिता छापली आणि 1915 साली तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. पोथी हाती येणे आणि तिच्यातले कळणे यांच्यामध्ये अशी वर्षानुवर्षांची मेहनत होती. आजच्या विद्यार्थ्याच्या नजरेआड झाली आहे ती नेमकी ही मधली मेहनत. फळ्यावरच्या गणिताचा मोबाइलने फोटो काढला, व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्स उतरवून घेतल्या, धड्याचा व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिला, की अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. साहित्य जमते, शिकणे मात्र राहून जाते.

साधने पोहोचली की शिक्षण आपोआप पोहोचेल, ही आशा खरी ठरलेली नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2023 सालच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातील जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तरीही त्या वयोगटातल्या सुमारे पाव मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. याचा दोष एकट्या फोनवर टाकता येणार नाही. पण फोन ही उणीव भरून काढत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. मग ती कशाने भरून निघेल? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे मार्गदर्शक ठरतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. काहींनी तो एकदाच अभ्यासून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिला गट पुढे होता, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटले: पहिल्या गटाला 40 टक्के आठवले, दुसऱ्याला 61. पुन्हापुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि तो आपल्याला येतो असे वाटू लागते. पडद्यावर तर तो हवा तेव्हा समोर येत असल्यामुळे ही फसगत आणखी सोपी होते.

ही घोकंपट्टीचीच वकिली झाली, असे कोणी म्हणेल. पण घोकंपट्टीत अर्थ न लावता तेच शब्द गिरवले जातात. इथे प्रकाशसंश्लेषणाचा धडा वाचून पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर ती प्रक्रिया आपल्या शब्दांत मांडायची, आकृती काढायची, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी माहिती आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची तयार उत्तरे हाताशी असताना डोक्यात कशाला ठेवायचे? कारण समोर आलेले उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला आधी डोक्यात काहीतरी पक्के असावे लागते. ज्याला व्याकरण ठाऊक नाही, त्याला सदोष भाषांतरही निर्दोषच वाटते. मग फोनवर सरळ बंदीच घालावी का? अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असावा, हे बरोबर. पण ज्या घरात शिकवणी परवडत नाही, तिथे अवघड धडा पुन्हा समजावून घेण्याचे ते एकमेव साधन असू शकते. शिवाय प्रश्न विचारण्याचे, ठरल्या दिवशी उजळणीची आठवण करून देण्याचे कामही फोन करू शकतो.

ही शिस्त मुलांना आपसूक लागत नाही. ती शिकवावी लागते. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था 1963पासून शिक्षक घडवत आली आहे. अशा संस्थांनी भावी शिक्षकांना डिजिटल साधने वापरायला शिकवताना अभ्यास कसा करायचा हेही विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करून द्यायला हवी. आणि प्रत्येक शाळेने तासाची शेवटची दहा मिनिटे वही-पुस्तक मिटून आठवून लिहिण्यासाठी राखावीत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की वेगळे अनुदान. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत ही दहा मिनिटे जड वाटतील. पण मुलांना आठवड्याने आठवणार नसेल, तर तो पूर्ण झाला असे म्हणण्याला काय अर्थ आहे?