बंदर बंद केले, तर सोसायचे कोणी?

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लोणंदच्या बाजार समितीत लवकर निघणाऱ्या हळव्या कांद्याचे दिवस होते. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले होते, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले होते. गरवा कांदा वखारीत काही महिने निघतो, भाव पडला तर धनी थांबू शकतो. हळवा थांबत नाही. मानेत ओल राहिलेली असते, ठेवला की कोंब येतात नाहीतर सडतो. त्याच्यापुढे न्हावाशेवा बंदराचा रस्ता बंद झाला की मिळेल त्या भावाला ढीग सोडायचा, आणि भाव पडला म्हणून हमाली-तोलाई काही कमी होत नाही. शहरातल्या गरिबासाठी शेतकऱ्याने थोडे सोसावे, असे या धोरणाचे समर्थन केले जाते. हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी धर्माचा प्रश्न आहे: त्याग दुसऱ्याकडून करवून घेता येतो का?

नीरास्नान करून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते ती लोणंदलाच मुक्काम करते. ज्या गीतेवर माउलींनी भाष्य केले, तिच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार आहेत. तिन्हींत सोडणारा आपण होऊन सोडतो, मग ते मोहाने असो की कष्टांच्या भयाने. दुसऱ्याने हिसकावून नेलेल्याला त्यात रकानाच नाही. त्याला कर म्हणावे, आणि कर म्हटले की राजधर्माचे नियम लागू होतात. शांतिपर्वात भीष्म सांगतात, भुंगा फुलाला न दुखवता मध घेतो तसा राजाने कर घ्यावा. कौटिल्य तर बाजाराच्या जवळ येऊन बोलतो: नेहमी लागणाऱ्या मालाच्या विक्रीत वेळेचा अडसर घालू नये, आणि लाभ मोठा असला तरी प्रजेला जाचणारा असेल तर तो टाळावा. डिसेंबरातल्या हळव्या कांद्याला वेळेचाच अडसर घातला गेला.

यावर पहिला आक्षेप कौटिल्याचाच घ्यावा लागेल. शस्त्रे, रत्ने, पशू यांच्याबरोबर धान्यही देशाबाहेर नेण्यास मनाई करण्याचा अधिकार तो राजाला देतो. खरे आहे. पण तोच कोठारातला अर्धा साठा जनपदाच्या संकटासाठी राखून ठेवायला सांगतो. म्हणजे आधी राजाने स्वतःच्या कोठारात हात घालायचा. २०२३ साली सरकारने कांद्याचा राखीव साठा ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला होता, तो मार्ग योग्यच होता. दुसरा आक्षेप भुकेचा. तो हलका लेखता येत नाही; मात्र बंदीने स्वस्त झालेला कांदा मजुराच्या घरात आणि पंचतारांकित हॉटेलात एकाच भावाने जातो, आणि त्याची किंमत फक्त पिकवणारा मोजतो. गरिबाला मदत करायची तर खजिन्यातून करता येते. खते आणि विजेवर सवलत घेणाऱ्याने कुरकुर का करावी, असेही विचारतात. सवलतीला अर्थसंकल्पात आकडा असतो. परतफेड मागायची असेल तर तिचाही आकडा हवा, आणि तो एकट्या कांदेवाल्याच्या नावावर का?

ओझे एकट्यावर टाकू नये, हे रेल्वेच्या बाबतीत आपल्याला कळते. १९८९ च्या रेल्वे कायद्यातले ७१वे कलम ठरावीक मालाला अग्रक्रम देण्याचा आदेश काढू देते, पण त्याच्या आधीचेच ७०वे कलम मालवाहतुकीत कोणालाही अवाजवी झुकते माप द्यायला मनाई करते. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल सुटली, आणि पुढे फळे-भाजीपाल्याच्या भाड्यातला निम्मा वाटा सरकारने उचलला. अंतराचा भार देशाने वाटून घेतला, आणि तो हिशेबात दिसला. बंदर बंद करताना अशी वहीच उघडली जात नाही.

बंदीच्याच काळात, एप्रिल २०२४ मध्ये, सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी मिळाली, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्यालाही मिळाली. मेमध्ये बंदी उठली, १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेले. पण हंगामाच्या मध्येच बदलणारा नियम हळव्याच्या कामाचा नसतो; त्याची लागण पावसाळ्यात होते. निर्यातीचे धोरण त्याच वेळी जाहीर करावे, आणि पुढे ते मोडणे भागच पडले तर पडलेल्या भावातला फरक सरकारने बाजार समितीच्या पावतीवर चुकता करावा.