“बरं झालं, पाडलं!”

जानेवारी २०२५ मधला एक रविवार. मिस्साबलिदान संपल्यावर आम्ही काही जण नेहमीप्रमाणे देवळाच्या आवारात बोलत उभे होतो. विषय होता नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागातल्या ४१ इमारतींचा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या परवानगीशिवाय उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नव्हता. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर होणार होती. कोणीतरी म्हणाले, “बरं झालं, पाडलं! हे आधीच करायला हवं होतं.” मीही मान डोलावली.

तेवढ्यात एक गृहस्थ हळूच म्हणाले, “आपल्या हॉलच्या लाद्या ज्याने बसवल्या, त्या गवंड्याची खोली त्यातच आहे. मुलगी यंदा दहावीला आहे.” सगळे गप्प झाले. मग कोणीतरी विषय बदलला. मला मात्र तो बदलता आला नाही.

आपण “बरं झालं” का म्हणतो, हे समजण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चा लढा उभा राहिला, तेव्हा आपल्यातले अनेक जण मोर्चात होते. वाड्या उजाड झाल्या, बावखले बुजवली गेली, विहिरींचे पाणी टँकरने उपसले गेले. हे सारे आपण पाहिले आहे. बेकायदा बांधकामाविरुद्धचा आपला राग खोटा नाही.

शिवाय परवाना म्हणजे नुसता कागद नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल. कोणी खाली पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात आहे. म्हणजे बांधकामाचा नियम हा शेजाऱ्याच्या जिवाशी जोडलेला आहे, हे देवाच्या लोकांना फार पूर्वीच शिकवले गेले होते. त्यामुळे “गरिबाचे आहे, म्हणून पाडूच नका” असे म्हणून आपली सुटका होत नाही. सांडपाणी प्रकल्प नसेल तर ते घाण पाणी शेवटी गरिबाच्याच दारात येते.

मग माझे मन का खात होते? मला वाटते, त्या रविवारी आम्ही दोन प्रश्नांची गल्लत केली. इमारत पाडणे योग्य आहे का, हा एक प्रश्न. तिची शिक्षा कोणाला झाली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असले, तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो.

चार मजली इमारत एका रात्रीत उगवत नाही. कोणीतरी जमीन बळकावतो किंवा विकतो. कोणीतरी नकाशाशिवाय पाया घालतो. कोणीतरी रोज त्याच रस्त्याने कार्यालयात जातो आणि दुसरीकडे पाहतो. विजेचा मीटर बसतो, नळ येतो, घरपट्टीची पावती मिळते. बेकायदा बांधकामावर महापालिकेला कराबरोबर शास्तीही आकारता येते. पण ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असे कायदाच सांगतो. हे किती खोलीधारकांना ठाऊक असते? आयुष्याची पुंजी देऊन खोली घेणारा माणूस या साखळीतला शेवटचा. बुलडोझर येतो तेव्हा बाकीचे निघून गेलेले असतात. दोष अनेकांचा, पण छप्पर जाते एकाचेच. याला आपण न्याय म्हणू शकतो का?

या साखळीत आपणही आहोत का, हेही विचारू या. आपल्या वाडीच्या मागे परवानगीशिवाय किती खोल्या निघाल्या? त्यांचे भाडे दर महिन्याला कोण घेते? तिथे संडास आणि पाणी पुरेसे आहे का? नालासोपाऱ्याच्या इमारतीला आपण ‘अनधिकृत’ म्हणतो आणि आपल्या खोल्यांना ‘चार पैशांचा आधार’ म्हणतो.

लहान धंद्यांचेही तसेच. स्टेशनबाहेरची भाजीची गाडी, चहाची टपरी, चप्पल शिवणाऱ्याची पेटी गाडीत टाकून नेताना आपण पाहतो. अनुवादाच्याच चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, कर्जापोटी कोणाचे जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण ठेवण्यासारखे आहे. आणि गहाण वस्तू आणायला सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर थांबावे. ध्यानात घ्या, कर्ज खरे आहे, सावकाराचा हक्कही खरा आहे. तरीही त्या हक्काला उंबरठा आहे.

आपल्या देशाचा कायदाही याच उंबरठ्यापाशी येऊन थांबला आहे. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात, जो ओल्गा टेलिस खटला म्हणून ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. तरीही पदपथ रिकामे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, असे ठरवले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी बंधनकारक केली. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागा आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी कारवाई मात्र त्यातून वगळली आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात गरिबांना हलवावेच लागले, तर आधी माहिती द्या, राहण्याजोगा पर्याय द्या आणि निर्णयात त्यांना सामील करून घ्या, असा आग्रह धरला.

देश पुढे चालला आहे. आपल्याच भागातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, विरारला तिचे स्थानक आहे. प्रगती हवीच. पण पूल आणि इमारती बांधणारे हात रात्री कुठे झोपतात, हा प्रश्न त्या प्रगतीच्या हिशेबात धरायला हवा. हाताला काम द्यायचे आणि त्याच माणसाला परवडेल असे कायदेशीर घर कुठेच ठेवायचे नाही, असे असेल तर बेकायदा वस्ती ही आपणच मागवलेली वस्तू आहे.

बंधुभगिनींनो, आपण काय करू शकतो? ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी त्या सुरक्षित आहेत का हे आधी पाहावे. कोणी स्वस्त खोली घेत असेल, तर कागद वाचता येणाऱ्याने त्याच्याबरोबर जावे. नोटीस आलेल्या कुटुंबाला अर्ज लिहून द्यावा. पाडापाडीच्या दिवसांत एखाद्या मुलाला अभ्यासाला जागा द्यावी. हरित वसईसाठी ज्यांनी मोर्चे काढले, त्यांना हे जड नाही.

त्या गवंड्याची चौकशी मी पुढे केली. तो भाड्याच्या खोलीत गेला. मुलीने परीक्षा दिली. आपला हॉल त्या दिवसांत रोज संध्याकाळी रिकामा होता. तिथे बसून तिला अभ्यास करता आला असता. लाद्या तिच्या बापानेच बसवल्या होत्या. आम्हाला ते सुचले नाही, कारण “बरं झालं” म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.