उत्तरपत्रिका आणि ईमान

शंका : मी मूळची नांदेडची, सध्या हैदराबादेत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. उत्क्रांतीवर मोठा प्रश्न हमखास येतो. बडे अब्बा म्हणतात, "असलं लिहिलंस तर ईमान जाईल." लिहू की प्रश्न सोडून देऊ?
— एक विद्यार्थिनी

समाधान : लिहा. डार्विनचं म्हणणं काय आणि त्याला पुरावे कोणते, एवढंच पेपरात विचारलेलं असतं. तिथे कुणी तुमच्याकडे कलमा मागत नाही.

बडे अब्बांची धास्ती मात्र तुमच्या हैदराबादला जुनी आहे. १८८० च्या अखेरीस तिथल्या एका मदरशातल्या गणिताच्या शिक्षकाने, त्या वेळी हैदराबादेत मुक्कामाला असलेल्या इस्लामी विचारवंत जमालुद्दीन अफगाणींना पत्र लिहिलं : हे 'नेचरी' (निसर्गवादी) म्हणवणारे कोण, आणि धर्माशी त्यांचं जमतं का? समाधान इतकं लांबलं की १८८१ मध्ये त्याचं फारसी पुस्तक झालं. रोख सर सय्यद अहमद खानांच्या अनुयायांवर होता. वाटेत डार्विनही सापडला. अफगाणी विचारतात, अरब आणि यहुदी शतकानुशतकं सुंता करत आले, मग मुलं सुंता झालेलीच का जन्मत नाहीत? वाचायला खुसखुशीत, पण नैसर्गिक निवडीला हा आक्षेप लागूच पडत नाही. का, ते तुम्ही बी.एस्सी.लाच शिकला असाल.

गंमत पुढे आहे. हेच अफगाणी नोव्हेंबर १८८२ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात उलेमांवर उखडले. इल्मचे मुसलमानी आणि फिरंगी असे वाटे कसले घालता? रात्रभर दिव्याजवळ किताबा वाचता, पण काच काढली की दिवा धूर का ओकतो, हे एकदाही मनात येत नाही? त्यांचं वैर देव नाकारणाऱ्या जडवादाशी होतं, प्रयोगशाळेशी नव्हतं. बडे अब्बांना हे भाषण जरूर ऐकवा.

जानेवारी १९२९ मध्ये कवी-विचारवंत इक्बालांनीही हैदराबादेत व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानमालेच्या १९३० च्या पुस्तकात ते जाहिज आणि इब्न मिस्कवैह या जुन्या मुस्लिम लेखकांकडे उत्क्रांतीची कल्पना दाखवतात. मला हे थोडं ताणलेलं वाटतं. नवव्या शतकातल्या जाहिजचा आधार घेऊन डार्विनला पास करायची गरज नाही, तसंच नापास करायचीही नाही.

आदम, रूह यांबद्दल मन खरंच अडत असेल, तर जाणत्या आलिमाकडे जा; ते काम प्राध्यापकांचं नाही. दस्तरखानावर बडे अब्बांशी वाद घालू नका. आणि प्रश्न सोडू नका, गुण तुमचेच जातील.