ऋण कोणाचे?

कर्ज ज्याने काढले त्याने ते फेडावे, हा व्यवहाराचा सरळ नियम आहे. परंतु घरावर संकट आले असता एका भावाने सर्वांच्या रक्षणाकरिता स्वतःच्या नावावर कर्ज काढले, तर ते त्याचे एकट्याचे मानावयाचे काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुढे १७९० साली हाच प्रश्न उभा राहिला.

तेथील स्वातंत्र्ययुद्ध १७८३ साली संपले. त्यासाठी मध्यवर्ती काँग्रेसप्रमाणेच निरनिराळ्या राज्यांनीही कर्जे काढली होती. नवे राष्ट्रीय सरकार स्थापन झाल्यावर अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन ह्याने जानेवारी १७९० मध्ये असे सुचविले की, राज्यांची सुमारे अडीच कोटी डॉलरांची कर्जे राष्ट्राने आपल्या शिरावर घ्यावी. मॅसॅच्युसेट्स, दक्षिण कॅरोलायना ह्या कर्जाने वाकलेल्या राज्यांस ते रुचले. व्हर्जिनियाने मात्र आपले बरेचसे कर्ज फेडले होते. ज्याने आपला वाटा चुकता केला त्याने शेजाऱ्याचाही का भरावा, असा तिचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन ह्याचा आक्षेप होता. १२ एप्रिल रोजी ही सूचना ३१ विरुद्ध २९ मतांनी फेटाळली गेली. पुढे राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी नेण्याच्या बदल्यात तडजोड झाली, आणि ४ ऑगस्टला कायदा झाला.

कर्जरोख्यावर सही कोणाची हे पाहू नये, कर्ज कोणत्या कार्यासाठी काढले ते पाहावे. लढा सर्वांचा, म्हणून ऋणही सर्वांचे, हा ह्या योजनेचा नैतिक आधार. तो आम्हांस न्याय्य वाटतो. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत ह्या तत्त्वाची खरी कसोटी लागून गेली होती. शिपायांना पगाराऐवजी मिळालेले रोखे पुष्कळांनी पोटासाठी कवडीमोलाने सट्टेवाल्यांस विकले होते. आजच्या धारकास बाजारातील सर्वांत चढा भाव द्यावा व बाकीची रक्कम मूळ धनकोस द्यावी, असे मॅडिसनने सुचविले. हॅमिल्टनच्या मते रोखा ज्याच्या हाती, हक्क त्याचा. हे न मानल्यास राष्ट्राची पत राहणार नाही. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

वाचकांनी येथे दोन्ही पक्षांची मापे ताडून पाहावी. राज्यांच्या कर्जाच्या बाबतीत कागदामागील हेतू पाहा म्हणणारा हॅमिल्टन शिपायाच्या बाबतीत कागदापलीकडे पाहावयास तयार नव्हता. शिपायासाठी कागदापलीकडे पाहणारा मॅडिसन शेजारच्या राज्यांच्या कर्जाकडे मात्र व्हर्जिनियाच्या खतावणीतून पाहत होता.

पतीचा विचार क्षुल्लक नाही. दिलेला शब्द राष्ट्राने फिरविला तर पुढील संकटात त्यास कोण उभे करील? शिवाय हातोहात फिरलेल्या रोख्यांचे मूळ मालक शोधणेही सोपे नव्हते. तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही. रोखेवाल्याचे पैसे चुकते केल्याने वचन पाळले गेले. शिपायाचे ऋण त्याने फिटले नाही. एक देणे दिल्याची पावती दुसऱ्या देण्यावर चालत नाही.

राज्याराज्यांचा आपसांतील हिशेब १७९३ साली पुरा झाला. सामान्य शिपायास मात्र १८१८ च्या कायद्याने निवृत्तिवेतन मिळू लागले, तेही आपण गरजू असल्याचे सांगितल्यावर. ज्याचे देणे होते, तो अखेरीस याचक म्हणून दारी आला.